होडीचा वाटा

मिठबाव, ता. देवगड
८ जानेवारी २०२४

चि. मर्लिन हिस लवूदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

काल तुझा फोन मी मध्येच ठेवला, त्याचा राग धरू नकोस. फोनवर तू रडतेस, मी आवाज चढवतो आणि मुद्दा बाजूलाच राहतो. कागदावर मला नीट सुचतं. तूही लिहूनच कळव. म्हापशाच्या शाळेत दिवसभर पोरांच्या वह्या तपासतेस, तर भावासाठी दोन पानं जड जाऊ नयेत.

मांयवर आणि ॲरोनवर मी मालवणच्या दिवाणी कोर्टात दावा लावला, ही बातमी खरी. बाकी जे तुझ्या कानावर आलं ते खोटं. मी घरात हिस्सा मागितलेला नाही. परसातला एक नारळसुद्धा मागितलेला नाही. माझी पदकं आणि ढाली माझ्या ताब्यात द्याव्यात आणि त्या माझ्या मालकीच्या आहेत असं कोर्टाने जाहीर करावं, इतकीच मागणी आहे. मसुदा वकिलांचा, पण त्यातल्या चुका मी दुरुस्त केल्या. आमच्या सागरी स्पर्धांना त्यांनी 'तलावातील पोहणे' लिहिलं होतं.

तिकडे कोणी विचारलं तर सरळ सांग. पप्पा सुकी मासळी विकायला फोंडाघाटच्या बाजाराला जात, तिथून त्यांनी मला आणलं. माझे आईबाप गेलेले, वय अकरा, घाटाखालच्या नदीपलीकडे पाणी पाहिलेलं नाही. मांयने मला ॲरोनच्या आणि तुझ्या पंक्तीला बसवलं, पप्पांनी दर्यात उतरवलं. लग्न होऊन मिठबावला येईपर्यंत मी त्याच घरातला होतो. हे सगळं मी दाव्याच्या पहिल्याच परिच्छेदात घालायला लावलं आहे. उपकार विसरणारा माणूस ते पहिल्या परिच्छेदात लिहीत नाही.

पण पप्पा गेल्यावर ॲरोनने घराचा होमस्टे केला, हॉलमध्ये माझी पदकं काचेत लावली आणि खाली पाटी ठोकली, 'आमच्या घराण्याने मिळवलेली पदके'. पहाटेच्या गार पाण्यात घराणं उतरत नव्हतं, मी उतरत होतो. मी पाटी बदल म्हटलं, तर त्याने पुण्याच्या पाहुण्यांसमोर मला विचारलं की तू इलस तेव्हा तुझ्या अंगात सदरो तरी होतो काय रे. नव्हता. पण त्या काचेत त्याने सदरा लावलेला नाही, पदकं लावली आहेत.

तुझी आनंदीवहिनी म्हणते की कोर्टात जिंकशात, मगे नाताळाक जेवूक खंय जाशात? तिच्या हातात मी दाव्याची प्रत दिली. दावा मी जिंकणार, यात शंका नाही.

लोभ कोर्टाच्या तारखांवर अवलंबून ठेवू नये, तो चालू ठेवावा.

तुझा,
लवूदादा


म्हापसा, गोवा
१९ जानेवारी २०२४

ती. लवूदादास मर्लिनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. परिच्छेदांना आकडे घातले नाहीस, हेच माझं नशीब. वर्गात एखादा पोर असं उत्तर लिहितो तेव्हा मी त्याला पूर्ण गुण देते आणि कोपऱ्यात लिहिते, 'थोडं हसत जा'.

ॲरोनदादाला मी फोनवर चांगला झापला. आधी गुरगुरला, मग मऊ पडला. समन घेऊन बेलिफ आला तेव्हा अंगणात पाहुणे सोलकढी पीत बसले होते. त्यांनी त्यालाही पाहुणाच समजून खुर्ची दिली म्हणे. ॲरोन म्हणतो की सदऱ्याचं बोलायला नको होतं, तोंडातून गेलं. पाटी काढतो, पदकं पेटीत भरून कोर्टातच देतो, तडजोड करून मोकळे होऊ. एवढंच की लवूनेही जरा मान तुकवावी. मी त्याला सांगितलं की लवूदादाची मान पाण्यात पोहताना तेवढी खाली जाते, जमिनीवर आशा ठेवू नकोस.

मांय मात्र मला कळत नाही. तिला विचारलं तर तिने कोकमाचा भाव सांगितला. पुन्हा विचारलं तर फणसाला किती फळ धरलंय ते सांगितलं. दादा, ती शहात्तर वर्षांची आहे. तुम्हा दोघांच्या हट्टापायी तिला कोर्टात उभी करू नका. तडजोड होतेय तर होऊ दे.

आनंदीवहिनीच्या प्रश्नाचं उत्तर मलाही कळव. रागावलास तरी माया कमी करू नकोस, ही विनंती.

तुझीच,
मर्लिन


मिठबाव
२५ फेब्रुवारी २०२४

चि. मर्लिन हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तडजोड मोडली. मी मोडली नाही, हे आधी लिहून ठेवतो.

शुक्रवारी तारीख होती. ॲरोन ठरल्याप्रमाणे पेटी घेऊन आला. मांय चर्चला नेसते ती जांभळी साडी नेसून आली होती. माझ्याकडे न बघता तिने आनंदीला विचारलं की ह्यो बारीक कसो झालो. तडजोडीचा कागद तयार होता. ॲरोनने सही केली. मग मांयला वाचून दाखवला. 'सदर पदके व ढाली वादीच्या मालकीच्या आहेत' ही ओळ आली आणि तिने हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाली, पदकां ने, ढाली ने, काचेचा कपाट ने, पण ती ओळ खोडा. वकिलांनी समजावलं, ॲरोनने समजावलं. ती हलली नाही. कोर्टाने पुढची तारीख दिली.

आणि पेटी मी उघडून पाहिली. राष्ट्रीय स्पर्धेचं सुवर्ण तिच्यात नाही. ते मांयच्या ट्रंकेत जपून ठेवलेलं आहे असं मी तीस वर्षं समजत होतो. ॲरोनला विचारलं, त्याला माहीत नाही. मांयला विचारलं, तिने आनंदीला एसटीची वेळ विचारली. पायरीवर मी तिला सांगितलं की आता साक्षीच्या पिंजऱ्यात उभी करून विचारीन. ती म्हणाली, विचार.

पदक गेलं त्याचं मला वाईट वाटतं, पण ते दुय्यम. मला लागलं ते वेगळंच. वस्तू द्यायला ती एका पायावर तयार, पण ती माझी आहे एवढा शब्द द्यायला तयार नाही. म्हणजे तिच्या लेखी मी अजून बाजारातून आणलेलाच. ती जे देईल ते घ्यायचं, माझं म्हणायचं नाही. मर्लिन, हा दावा मी लावला होता तेव्हा काचेतल्या वस्तूंसाठी लावला होता. आता तो ह्या एका ओळीसाठी चालवणार आहे, वरच्या कोर्टात जावं लागलं तरी.

तू तरी मला परका करू नये.

लवूदादा


म्हापसा
१२ मार्च २०२४

ती. लवूदादास शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वाचायच्या आधी बस. उभ्याने वाचलंस तर थेट वकिलाकडे जाशील.

शनिवारी मी मालवणला जाऊन आले. मांय अडाळ्यावर नारळ खवत होती. मी समोर बसले आणि म्हटलं, लवूदादा रडलो. तू रडला नव्हतास, पण तुझं पत्र वाचून मला तसंच वाटलं. खवण्याचा आवाज थांबला. मग ती बोलली.

तू सोळा वर्षांचा असताना जिल्हा स्पर्धेत प्रवाहाने तुला देवबागच्या पुढे ओढून नेलं होतं, आठवतं? होड्या सकाळपासून शोधत होत्या. दुपारी ट्रॉलरवाल्यांनी तुला आणला. त्या सकाळी मांय चर्चमध्ये मारियामातेपुढे, आपल्या सायबिणीपुढे, गुडघ्यांवर बसली होती. तिने आंगवण केली, म्हणजे तुमच्याकडचा नवसच, की पोर जिवंत परत दे, त्याच्या पोहण्यातून माझ्या घरात येईल ती सगळ्यांत मोठी वस्तू तुझी. पुढच्या वर्षी सुवर्ण आलं. तिने ते नेऊन सायबिणीच्या पायांशी ठेवलं. पप्पांनाही सांगितलं नाही.

मी म्हटलं, मग कोर्टात हे सांगायला काय झालं? तर म्हणाली, तुका शाळेत काय शिकवल्यानी गो? आंगवण आपल्या वस्तूची करतत. दुसऱ्याची वस्तू नेवन ठेवली तर ती आंगवण न्हय, ती चोरी. कोर्टान शिक्को मारून लिवल्यान की ता पयल्यापासून लवूचा होता, मगे मी सायबिणीक काय दिलंय? तीस वर्सां आंगवण फिटली नाय असा जाता. आणि ह्यो मेलो रोज सकाळी दर्यात आसा.

दादा, तिला तुझं 'माझं' नाकारायचं नव्हतं. तिला तू बुडायला नको होतास.

मी फादरांकडे गेले. ते हसले. म्हणाले, पदक चर्चच्या पेटीत नीट आहे, लवूला हवं तर आजच घेऊन जा, देव असा हिशेब करत नाही. मांयला सांगितलं, तर म्हणाली की फादर वसईचे, तेंका हयचो दर्या काय ठावक.

तर असं आहे. कायदा तुझा, फादर तुझे, पदकही सापडलं. हे तुला सांगू नको असं तिने बजावलं होतं. मी मान हलवली, हो म्हटलं नव्हतं. पुढचं तू बघ, तुला शिकवण्याइतकी मी मोठी झालेली नाही.

लहान बहिणीवर लोभ होता तसाच राहू दे.

मर्लिन


मिठबाव
६ एप्रिल २०२४

चि. मर्लिन हिस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र बसून वाचलं.

दुसऱ्या दिवशी वकिलांकडे गेलो आणि ते पदक सोडून बाकीचं मागू म्हटलं. त्यांनी लिहिलं, 'वादीच्या संमतीने अर्पण केले'. ॲरोनच्या हाती मांयकडे पाठवलं, तिने परत पाठवलं. संमती ज्याची, वस्तू त्याची, हे तिचं म्हणणं. मग 'वादीने प्रतिवादीस बक्षीस दिले' असं लिहिलं. तेही परत. देण्याआधी ते माझंच ठरतं ना! मांय वकील झाली असती तर माझा दावा पहिल्याच तारखेला उडाला असता.

ते पदक तिचंच होतं असं साधं लिहून देणं सोपं होतं. पण पोहलो मी. खोट्या ओळीखाली मी जन्मात सही केलेली नाही, मांयसाठीही करणार नव्हतो. शिवाय खोट्या कागदावर फिटलेली आंगवण तिला तरी कशी चालली असती? आनंदी मला दोन दिवस दगड म्हणत होती. म्हणू दिलं.

मग तुमच्या ईस्टरच्या दिवशी इथल्या किनाऱ्यावर रापण लागली. जाळं ओढून वाळूवर आलं, मासळी ओतली आणि वाटे पडायला लागले. दोर ओढणाऱ्या माणसांचे, जाळ्याचा आणि होडीचा. मी हे शेकडो वेळा पाहिलंय, पण त्या दिवशी बघत उभा राहिलो. होडीचा वाटा होडीवाल्याला कोणी बक्षीस म्हणून देत नाही, त्याला कोणाची संमती लागत नाही. मासळी पाण्याबाहेर आली की तो वाटा होडीवाल्याचाच.

आणि त्या राष्ट्रीय स्पर्धेत, आचरा ते मालवण, होडीत कोण होतं? नियमच होता की प्रत्येकासोबत त्याची होडी, होडी नसेल तर पोहणारा बाद. पप्पा तापाने पडले होते, म्हणून सुकाणूवर मांय बसली. होडीसुद्धा तिच्या माहेरची, तिच्याच नावावरची. मी सरळ चाललो होतो. तिने ओरडून मला खडकांच्या आतल्या अंगाने घेतलं. मी तिला शिव्या देत पोहलो आणि पहिला आलो. सरळ गेलेले सगळे प्रवाहात अडकले होते. म्हणजे सुवर्ण आणि ढाल ही त्या दिवशीची कमाई दोघांची, आणि त्या कमाईतून होडीचा वाटा निघाला तो सुवर्णाचा.

हे सुचल्यावर वकिलांना मीच मजकूर सांगितला, 'सदर सुवर्णपदक होडीचा वाटा म्हणून प्रथमपासूनच प्रतिवादी क्र. १ श्रीमती कार्मीन यांच्या मालकीचे होते व आहे. उर्वरित पदके व ढाली वादीच्या मालकीच्या आहेत.' अक्षर न् अक्षर खरं.

काल न्यायाधीशांनी ते वाचलं. ते घाटावरचे. होडीचा वाटा कुठल्या कायद्यात आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कायद्यात नसेल, किनाऱ्यावर आहे, ही इथली रीत आहे. त्यांनी दुसऱ्या बाजूला विचारलं. ॲरोन उभा राहिला आणि म्हणाला की वादी म्हणतो ते बरोबर आहे, आमच्याकडे असंच चालतं, आणि लवूइतकी ती होडी कोणाला माहीत नाही. त्याचे वकील त्याची बाही ओढत होते.

मांयने ती ओळ दोनदा वाचून घेतली. मग पेन मागितलं, सही केली, आणि पेन परत न देता न्यायाधीशांना विचारलं की होडयेचो वाटो आसा, तर होडी दुसऱ्या शर्यतीकपण होती, तेचा काय? सगळं कोर्ट हसलं. ते बाहेर मिटवा, असा हुकूम झाला.

व्हरांड्यात आम्ही भांडलो. मी म्हटलं, खाडीतल्या शर्यतींना होडीचा नियम नव्हता, त्या धरायच्या नाहीत. ती म्हणाली, नियम नव्हतो, पण होडी होती, आणि तुझी पेज घेवन कोण बसला होता रे? शेवटी दोन ढाली घेऊनच ती थांबली. मग सगळ्यांसमोर माझा कान धरला आणि म्हणाली की आयशीक कोर्टाची पायरी चढवलस, मेल्या. माझं वय सत्तेचाळीस. वकील बघत होते, बेलिफ बघत होता. मी कान सोडवून घेतला नाही.

सुवर्ण सायबिणीकडेच राहील. फादरांना मी स्वतः सांगून आलो. मी दावा जिंकलो आहे, हे तिकडे सर्वांना कळव. ढालींचं सांगितलं नाहीस तरी चालेल.

येत्या सुट्टीत मुलांना घेऊन ये. लोभ आहे हे ठाऊक आहेच, तरी तो लिहून कळवत जावा.

तुझा,
लवूदादा


मालवण
१४ एप्रिल २०२४

चि. लवूक मांयचो आशीर्वाद.

माझा अक्षर बघून हसा नको. ॲरोन लिवून देतंय म्हणा होतो, मी नको म्हटलंय.

दोन ढाली काचेत लावल्यो आसत. नवी पाटी केल्यानी, तुझा नाव घातल्यानी. स्पर्धेची सालां बरोबर आसत काय ती येवन बघ, नायतर परत दावो लावशीत.

तू माका कोर्टात नेलस तेचो राग आसा. तो जायत हळूहळू. तू घाई करू नको.

एक सांगतंय. तुमच्या मिठबावची नसीमा शिंपले, तिसरे घेवन हयच्या बाजारात बसता. सकाळी तुझ्याच किनाऱ्यावरसून ती गाडयेक जाता. तुझा लगीन झाला तेव्हापासून मी तिच्याकडसूनच तिसरे घेतंय. लोकांक वाटता तिचो माल बरो. बरो खंय, अर्धी रेव. मी तिका एकच विचारतंय, लवू पाण्याभायर इलो काय गो? ती इलो म्हणता, मगे मी पिशवी फुडे करतंय. समन इला त्या दिवशीपण विचारलंय. कागद हातातच होतो.

काल बाजारात गेलंय. तिसरे घेतलंय, कोथमीर घेतलंय, घराकडे चलाक लागलंय. अर्ध्या वाटेर ध्यानात इला की विचारूक इसरलंय.

परत गेलंय नाय.

माया आसाच, ती मागूची गरज नाय.

तुझी मांय,
कार्मीन