अर्ध्या शर्यतीची सोबत

२४ नोव्हेंबर २०२४, परंडा

पहाटेच सोनारीच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिले. धुकं इतकं, की आधी नुसती पावलं ऐकू आली, मग त्या दोघी आल्या – श्रीदेवी आणि अयोध्या. दोन्हीकडं शाळूची शेतं. त्यातनं श्रीदेवी अशी आली, जणू मागनं तिला कुणी अलगद ढकलतंय. इतकी वर्षं पळणाऱ्यांचे पाय बघतेय, तरी आज शिट्टी हातातच राहिली.

हैदराबादच्या मॅरेथॉनला आमची ॲथलेटिक्स संघटना एकीलाच पाठवणार. कुणाला, ते मी सांगायचं.

२६ नोव्हेंबर

आज डोकं ठिकाणावर ठेवून बघितलं. श्रीदेवी बत्तीस वर्षांची. एके काळी देशात नाव होतं. दोन वर्षांपूर्वी पोटरी फाटली, तेव्हापासून डावा पाय जमिनीवर जरा रेंगाळतो. शेवटी वेग वाढव म्हटलं, तर वाढत नाही. चेहऱ्यावर मात्र त्रास नसतो, कुठंतरी लांब बघत असते.

अयोध्या तिच्याहून दहा वर्षांनी लहान. मान वाकडी, हात कसेही हलतात – पण शेवटच्या चढाला अशी सुटते! खोट एकच. सुरुवातीला हुरळते आणि मधेच गळपटते. पण ते शिकवता येईल.

२७ नोव्हेंबर

अयोध्या. कळवून टाकलं.

२८ नोव्हेंबर

श्रीदेवीनं विचारलंच. काळभैरवाच्या देवळाबाहेर बूट काढत बसली होती. भिंतीवर माकडं ऊन खात होती. मी वय, दुखापत असं आडून आडून बोलायला लागले, तर तिनं मला थांबवलं.

"मॅडम, सरळ सांगा. माझं संपलं का?"

"मोठ्या शर्यतीसाठी... व्हय. मला तसं वाटतं."

ती रडली नाही. नाडी सोडणारा हात तेवढा थांबला. मग म्हणाली, उमरग्याहून वडील रोज संध्याकाळी फोन करतात आणि एकच विचारतात – आज पळालीस का? आता त्यांना काय सांगायचं? दोघी माकडांकडं बघत बसलो.

३० नोव्हेंबर

श्रीदेवी आपणहून आली. माझ्या खर्चानं येते, हैदराबादला अयोध्याच्या पुढं मी पळते म्हणाली, अर्ध्या शर्यतीपर्यंत. वेग धरून द्यायचा, पोरीला हुरळू द्यायचं नाही, मग बाजूला व्हायचं. अशी सोबत करणारे मोठ्या शर्यतीत असतातच. पण त्यांचं नाव कोण लक्षात ठेवतं?

अयोध्याला सांगितलं, तर म्हणाली, "अक्का पुढं असली तर मला भ्याव न्हाय."

१९ डिसेंबर

रोज त्यांच्या मागं स्कूटीवर असते. आज मधेच पेट्रोल संपलं. स्कूटीचा आवाज थांबला आणि त्या धुक्यात विरत गेल्या. पावलं मात्र ऐकू येत होती. एकाच बाईची वाटत होती – दोघींची इतकी बरोबर पडत होती. मग तीही विरली.

कडेला किती वेळ उभी होते, कुणास ठाऊक. होले घुमत होते. कणसांवरचं दव सावकाश उजळत गेलं. वाटलं, त्यांनी परत येऊच नये. अशाच जात राहाव्यात – परंडा, कुर्डुवाडी, त्याच्याही पलीकडं कुठंतरी, आणि मी इथंच उभी राहून ऐकत राहावं.

परत आल्या तेव्हा अयोध्या घामानं निथळत होती. श्रीदेवी कुठं गेलीच नव्हती, अशी दिसत होती.

७ जानेवारी २०२५

लई थंडी. दोघी छान पळाल्या.

२२ जानेवारी

आज डावा पाय रेंगाळला नाही. की मलाच तसं बघावंसं वाटतंय? माझ्या झोपेतसुद्धा या दोघी पळतात हल्ली, जमिनीच्या वीतभर वरनं. असल्या डोळ्यांचा काय भरवसा?

२ फेब्रुवारी, हैदराबाद

श्रीदेवी अर्ध्यावर बाजूला झाली नाही. तिथं मी पाणी घेऊन उभी होते, तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पहिली आली! तिचं नाव शर्यतीत रीतसर घातलेलं, त्यामुळं निकाल कायम. मागोमाग अयोध्या दुसरी. आली ती थेट तिच्या गळ्यात पडली. अक्काच्या पाठीकडं बघत आले, म्हणाली.

थांबायचं ठरलं होतं ना गं, मी विचारलं.

श्रीदेवीनं दम घेतला. "ध्यानातच राह्यलं न्हाय, मॅडम."