टाकीतल्या अक्षता

नाशिक, बुधवार संध्याकाळ, २००२

आज माशांची टाकी पुन्हा उपसली. नवी वस्तू घरात आली म्हणून आईने काचेला हळदकुंकू लावलं, तिथवर ठीक. पण पाण्यातही अक्षता सोडल्या. द्वारका चौकातला माशांचा दुकानदार म्हणाला, "सगळं पाणी बदला. आठवडाभर पंप चालू ठेवा, मगच सोडा. एंजल मासे फार नाजूक."

मीनल रविवारी सासरहून येतेय, दोनच दिवसांसाठी. "बाबा, मासे मीच सोडणार," म्हणाली होती. आता तिला काय दाखवू, नुसते बुडबुडे?

आईवर चिडलो. ती वाती वळत म्हणाली, "मग पाणी तयार होईस्तोवर पोरीला ठेवून घे की."

तळाच्या खड्यांत अजून दोन अक्षता दिसताहेत. काढायला हात घातला होता. राहू दिल्या.