गाडी पेट्रोल का पिते

मआमीर, बुधवार संध्याकाळ

गाडी एवढं पेट्रोल का पिते ते आज कळलं. कळलं नसतं तर बरं, असंही वाटतंय.

तीन आठवडे मी प्लग, फिल्टर आणि टायरची हवा यातच अडकलो. साडेचार लाख किलोमीटर पळालेली मिनीबस, ॲव्हरेज घसरणारच, म्हणायचो. आज गॅरेजवाल्या बशीरभाईने ती लिफ्टवर घेतली. इंजिनाजवळ सायलेन्सरच्या पाइपला लांब चीर. तिथून हवा शिरते, सेन्सर फसतो आणि इंजिन जास्त पेट्रोल ओढतं. त्याच्या वरचा, गाडीच्या तळाचा पत्रा काजळीने काळा, गंजून भोकं पडलेली.

"अंदर कोई सोता तो नहीं ना?" त्याने विचारलं. धुरातल्या ज्या गॅसने माणूस मरतो, त्याला वासच नसतो म्हणे.



इथे आखातात उन्हाळ्यात दुपारी उन्हामुळे सित्र्याच्या साइटवर काम बंद असतं, तेव्हा आमची अकरा माणसं गाडीतच झोपतात. इंजिन चालू, एसी चालू. गारवा टिकावा म्हणून खिडक्यांच्या फटींना टेप मीच लावली. डोकं दुखतं म्हणायचे. मी म्हणायचो, ऊन लागलं, पाणी प्या.

फोरमनला फोन केला. "परसों देखेंगे, इंशाल्ला. कल गाड़ी चाहिए." मी हो का म्हटलं?

काल दुपारी गाडीत झोपलेला सावंत उठेचना. तीन हाका मारल्या, मग गदागदा हलवला. "मेलास की काय रे?" म्हटलं, तर सगळे हसले. सावंतही हसला, पण जरा उशिरा.