नऊवारी नेसून टाळ्या

चि. स्वानंदीस,

शाळेच्या ऑनर सोसायटीची, म्हणजे हुशार मुलांच्या मंडळाची, प्रेसिडेंट झालीस. अभिनंदन.

समारंभाच्या संध्याकाळी तुझ्या आईने मला नऊवारी नेसायला का लावली, ते तुझं भाषण ऐकल्यावर कळलं. जन्मभर मी पाचवारीच नेसत आले. नऊवारी कशी नेसतात ते मला फोनवर व्हिडिओ बघून शिकावं लागलं.

स्टेजवरून माझ्याकडे हात करून तू म्हणालीस, या माझ्या आजीने कधी शाळा पाहिली नाही, तिच्यासाठी मी शिकते आहे. सगळा हॉल टाळ्या वाजवत उभा राहिला. शेजारच्या बाईंनी डोळे पुसत माझा हात धरला. मीही हसून मान डोलावली. त्यांना काय सांगणार होते? की कराडला मी जन्मभर केमिस्ट्री शिकवली आणि मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाले?

गाडीत विचारलं तर म्हणालीस, "आजी, इट्स जस्ट अ बेटर स्टोरी."

तुझी आई म्हणाली, "अहो आई, इकडे अमेरिकेत असंच बोलावं लागतं."

तुझा बाबा ड्राइव्ह करत राहिला. त्यालाही केमिस्ट्री मीच शिकवली होती.

दुसऱ्या दिवशी केमिस्ट्रीची टेस्ट होती म्हणून तू पुस्तक घेऊन माझ्याच खोलीत आलीस. मी शिकवलं. तुला ए ग्रेड मिळाली.

हे पत्र तुझ्या टेबलावर ठेवणार होते. पण तुला मराठी वाचता येत नाही, आणि वाचून घ्यायला तू ते माझ्याकडेच घेऊन येशील.

तुझी,
शाळा न पाहिलेली आजी