पातेल्यावर गेलेले बूट

अहो,

सगळ्यात आधी टपकली ती शेजारची हंसाबेन. काल पाचला या म्हटलं होतं, ही चारलाच दारात. हातात ढोकळ्याचं ताट आणि तोंडाने, "आयी क्या अपनी हिरोइन?" म्हटलं, "अगं, ती पहिली घरी जाणार, आंघोळ करणार, जरा आडवी होणार. बेचाळीस किलोमीटर धावलीय, भाजी घेऊन नाही आली." तर म्हणे, "तो मैं बैठती हूँ," आणि बसली ती थेट तुमच्या खुर्चीत! एरवी मी उठवलं असतं. काल नाही बोलले. काल सगळ्यांना सगळं माफ होतं.

हो, बेचाळीसच. आपली वैशू मुंबईची ती मोठी मॅरेथॉन पूर्ण धावली! तुम्ही प्रेसमध्ये जायला भाईंदर ते चर्चगेट पास काढायचात ना, जवळजवळ तेवढं अंतर. तुम्ही पास काढून जायचात, पोरगी पायांनी गेली.

पण मी लिहायला बसलेय ते हे सांगायला नाही. ते तर अख्ख्या बिल्डिंगने तुम्हाला ओरडून सांगितलं असेल. मी बसलेय ते बुटांसाठी. त्यांचं खरं काय ते मी काल वैशूला सांगून टाकलं. तुम्हाला न विचारता. बत्तीस वर्षं आपण दोघांनी झाकून ठेवलेली गोष्ट, आणि ती फुटली हे सांगायला तुमच्याशिवाय मला आहे कोण? वर 'प्रिय' लिहिणार होते, पण लाज वाटली. तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईला 'अहो' पुरतं.

तुम्हाला आठवतं ना सगळं? वैशू आठवीत. आपण परळच्या खोलीत. शाळेतून ती धावण्याच्या शर्यतीसाठी निवडली गेली आणि तुम्ही त्या संध्याकाळी तिला जमिनीवर पेपर घालून त्यावर उभं केलंत, पेन्सिलीने पायाभोवती रेघ ओढलीत. पेन्सिल बोटांच्या मधे गेली की ती खिदळायची. "हलू नको गं, बूट वाकडे येतील," तुम्ही म्हणायचात. तो कागद घडी करून खिशात, आणि दुसऱ्या दिवशी येताना पांढरे कॅनव्हासचे बूट. अगदी मापाचे! पोरगी ते उशाशी घेऊन झोपली होती.

मग तुमची बहीण आली रत्नागिरीहून. वन्संनी वैशूला हाफ पँटमध्ये बघितलं आणि जेवताना म्हणाल्या, "मुलीचं लग्न करायचंय की नाही तुम्हाला?" तुम्ही हसलात. मी मात्र हातातला घास ताटात ठेवला.

आणि दोन दिवसांनी बोहारीण आली. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी, ती गोऱ्या कपाळावर गोंदलेली. मी दोन साड्या काढल्या, तुमची एक पँट काढली. मला हवं होतं ते मोठं पातेलं. ती म्हणते, "येवढ्यात न्हाई बसत ताई, अजून कायतरी टाका." मी खोलीभर बघितलं. खिडकीत ते बूट, धुऊन वाळत ठेवलेले.

आजवर मी तुम्हाला सांगत आले की वन्संच्या बोलण्याने माझं डोकं फिरलं. खरं सांगू आता? ते अर्धं कारण. उरलेलं अर्धं ते पातेलंच होतं. इतकं छान पातेलं आपल्या चाळीत कुणाकडे नव्हतं हो!

वैशू शाळेतून आली, बूट कुठे म्हणाली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या बाबांना नाही पसंत. त्यांनी टाकून दिले." रात्री तुम्ही आलात, पोर तुमच्याकडे न बघता भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी तुम्हाला मोरीपाशी नेऊन सगळं सांगितलं. वाटलं, आता ओरडणार. ओरडायला हवं होतंत! एक थोबाडीत दिली असती तरी मी काही म्हटलं नसतं. तुम्ही आत जाऊन तिला म्हणालात, "हो, मीच टाकले." शर्यत राहिली. नंतर तिने धावण्याचं नावही काढलं नाही, आणि तुमच्याशी बोलायची ती कायम दोन शब्द कमीच. हे का केलंत? त्याचं उत्तर तुम्ही मला दिलं होतंत म्हणा, ते पुढे येईलच. पण तेव्हापासून ते पातेलं घासताना दर वेळी मला तुमचा राग यायचा. माझा यायला हवा होता, तो तुमचा यायचा.

तुम्ही गेलात आणि तिसऱ्या महिन्यात वैशू पहाटे चालायला लागली. मीरा रोडला त्यांच्या पेणकरपाड्याच्या घरापासून. आधी चालणं, मग पळणं, मग एकदा पळत पळत उत्तनच्या रस्त्याला गेली तर पालीची फिलोमिना भेटली. ही मासे विकते, पन्नाशीची, नातवंडं आहेत, आणि धावते अशी की पुरुष मागे राहतात! म्हणे, "टोपली डोक्यावर घेऊन मी वीस वरसं पलालीय, आता मोकल्या डोक्याने पलायला कायच न्हाय." तेव्हापासून दोघी जोडीने. रविवारी धावून झालं की आपल्याकडे चहाला. माझ्या घरात मासे कधी कमी पडत नाहीत आता, एवढं सांगते.

गेल्या वर्षी वैशू पहिल्यांदा गेली त्या मॅरेथॉनला. तिथे सगळ्यांच्या मागून एक बस येत असते. ठरलेल्या वेळेत जे पोचणार नाहीत त्यांना गोळा करत येते. वैशूला तिने अर्ध्यापुढे उचलली. घरी आली, तुमच्या फोटोकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबांना तेव्हाच कळलं होतं." मी त्या दिवशी जेवले नाही. सांगावं असं वाटलं, जीभ उचलेना.

म्हणून या वर्षी ठरवलं, आपण जायचं. रस्त्यात उभं राहायचं. तिला डोळ्यांनी बघायचं. जावईबापूंनी, महेशरावांनी, गाडी काढली, हंसाबेन म्हणाली मैं भी. बटाटे उकडून, मीठ लावून न्यायचे, धावणाऱ्यांना म्हणे मीठ लागतं. आणि एवढे बटाटे मावतील असं घरात एकच भांडं. मी तेच पातेलं मांडीवर घेऊन गाडीत बसले. मुद्दाम नव्हे हो. दुसरं मोठं नव्हतंच.

तो शेवटचा मोठा चढ असतो ना, त्याच्या अलीकडे उभे राहिलो. काय लोक, अहो! नऊवारी नेसून धावणारी बाई. आंधळा माणूस, हातात एक दोरी, दोरीचं दुसरं टोक मित्राच्या हातात, दोघं एका तालात. एक म्हातारा तुमच्या वयाचा, पाय वाकडे पडतायत पण थांबत नाही, माझ्याकडून बटाटा घेतला आणि म्हणाला, "मावशी, मीठ एकदम बरोबर." मावशी! मी त्याची धाकटी बहीण शोभेन. रस्त्याच्या कडेचे लोक सगळ्यांना नावाने हाका मारत होते. मी महेशरावांना म्हटलं, "ह्यांची एवढी ओळख कशी?" तर ते म्हणाले, "आई, छातीवरच्या नंबरावर नाव लिहिलेलं असतं." मग मीही ओरडायला लागले. "चल रे डेव्हिड! चल गं शबाना!" घसा बसलाय अजून.

आणि मग वैशू दिसली. धावत नव्हती. चालतही नव्हती धड. फिलोमिना तिला दंडाला धरून ओढत होती. "आजी, बग गो तुजी पोर! पायात गोळा आलाय म्हनते, बसते म्हनते. मी सांगतंय उठ, ऐकतच न्हाय!"

वैशू फूटपाथवर बसलीच. महेशराव तिच्या पोटरीवर फवारा मारायला लागले. ती म्हणाली, "बस कुठेय?" ते मागे बघून म्हणाले, "दिसत नाहीय अजून." खोटं. मला चाळिशीशिवाय दिसत होती ती बस.

"जाऊ दे आई," वैशू म्हणाली. "मला जमणारच नाही. उगाच हट्ट करतेय. बाबांनी काय उगीच बूट टाकले होते माझे?"

पातेलं माझ्या हातात होतं. मी म्हटलं, "बाबांनी नाही टाकले. मी दिले. बोहारणीला. ह्या पातेल्यावर."

"कौन सा पातेला?" हंसाबेन.

"हेच, हेच! हे बघ!"

वैशूने पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुन्हा पातेल्याकडे. "ह्याच पातेल्यात तू माझ्या जुईच्या बारशाचा शिरा केला होतास?"

"हो."

"आणि बाबा?"

"तुझ्या बाबांनी पेपरवर तुझा पाय काढून ते बूट आणले होते, ते कशाला टाकतील? तुला धावायला लावायचंच होतं त्यांना. मी खोटं बोलले आणि ते माझ्यासाठी खोटं बोलले."

मला वाटलं रडेल. तिने पातेल्यात हात घातला, एक बटाटा तोंडात कोंबला, एक मुठीत घेतला आणि उठली. पाय ओढत दहा पावलं गेली आणि मग धावायला लागली. मागे वळून नाही बघितलं. फिलोमिना माझ्याकडे बघत म्हणाली, "आजी, आसं कायतरी व्हतं तर आदी नाय का सांगायचं? पोर आतापरत पोचून जेवली असती!" आणि पळाली तिच्या मागे. बस आमच्यासमोरून गेली तेव्हा मी तिला पातेलं उगारून दाखवलं. हंसाबेन पोट धरून हसत होती.

पोचली हो. अकरा मिनिटं बाकी असताना पोचली. महेशरावांनी मोबाइलवर बघितलं आणि भर रस्त्यात माझ्या पाया पडले. मी म्हटलं, "माझ्या कशाला, तिच्या पडा, तिचेच दुखतायत."

संध्याकाळी सगळे आले. हंसाबेनचं सांगितलंच. मग वैशू आणि महेशराव, मग फिलोमिना तिचे तळलेले बोंबील घेऊन. हंसाबेनने खुर्ची खिडकीशी सरकवली, पण उठली नाही! आपला जिना चढताना धावलेल्या दोघी कठडा धरून देवाचं नाव घेत होत्या. पुण्याहून जुईने व्हिडिओ लावला, आईचं काळं पडलेलं नख बघितलं आणि किंचाळली. सगळे एकमेकांना तेच तेच सांगत होते, कुठे पाणी मिळालं, कुठे बँड वाजत होता, कोण रडलं. मी चहा देत होते. वैशू माझ्याशी सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती.

मग स्वयंपाकघरात आली. ओट्याला टेकली. "बाबा का नाही बोलले कधी? मी किती वाईट वागले त्यांच्याशी."

मी तुमचं उत्तर सांगितलं. मोरीपाशी तुम्ही जे म्हणाला होतात ते जसंच्या तसं. "पोरीला कुणावर तरी रागवायचंच आहे. माझ्यावर रागावू दे, मी दिवसभर बाहेर असतो. तुझ्यावर रागावली तर दिवसभर घरात दोघींनी राहायचं कसं?"

तिने गळणारा नळ घट्ट बंद केला. मग म्हणाली, "मी चिडलेय तुझ्यावर, आई. हे काही आज संपणार नाही."

"नको संपू दे," मी म्हटलं. "बत्तीस वर्षांचं आहे. सावकाश चीड."

तिला हसू आलं. तुमचंच हसू, एका बाजूने. पदराने डोळे पुसायला गेली आणि लक्षात आलं पदर नाही, टी-शर्ट आहे. मग तिने पातेलं उचललं. "हे मी नेणार. माझ्या बुटांचं आहे ना? म्हणजे माझंच." घ्या! एवढं छान पातेलं, गेलं!

बाहेर जाऊन तिने कालचा पेपर आणला आणि जमिनीवर पसरला. "उभी राहा ह्यावर." मी म्हटलं, कशाला? "राहा गं." मी उभी राहिले. तिला खाली वाकता येईना, मांड्या धरल्या होत्या, तर फिलोमिनाने तिला खांद्याला धरून बसवली. आणि पोरीने पेन्सिलीने माझ्या पायाभोवती रेघ ओढली. बोटांच्या मधे पेन्सिल गेली आणि मला काय गुदगुल्या झाल्या! "हलू नको, बूट वाकडे येतील," ती म्हणाली.

अहो, ती तुमचं वाक्य विसरली नव्हती.

"आता चिडायचं ते चालता चालता," ती म्हणाली. फिलोमिना म्हणते, म्हाताऱ्यांची वेगळी शर्यत असते त्याच मॅरेथॉनमध्ये, छोटी, चालत गेलं तरी चालतं. हंसाबेन लगेच, "मेरा भी पाँव निकालो!" पेपर पुरेना.

जाताना दोघी जिना उलट्या उतरल्या, आणि त्यांच्या नादाने बाकीचेही. खरंच! पुढून उतरलं की मांड्या ओरडतात म्हणे, म्हणून तोंड माझ्याकडे आणि पाठ जिन्याकडे. निघताना लोक पाठ दाखवतात, हे माझ्याकडे बघत बघत गेले. शेवटच्या पायरीपर्यंत दिसत होते.

तर आता माझा शब्द घ्या. पुढच्या वर्षी त्या म्हाताऱ्यांच्या शर्यतीत मी चालणार. थांबत, बसत, बडबडत, पण शेवटपर्यंत जाणार. बस उचलायला आली तर पातेलं नाही म्हणून हाताने हाकलीन. आणि ह्या वेळचे बूट मी कुणाला देणार नाही. बोहारणीने पितळेचा हंडा पुढे केला तरी नाही.

येत्या रविवारी येतात सगळे, बूट घेऊन. पहाटे साडेपाचला खाली उभी राहा म्हणालेत, जेसल पार्कच्या चौपाटीवर न्यायचंय मला.

तुमची
"ऐकलंस का" म्हटलं की ओ देणारी,
सुमन