भिंतीपलीकडचं तळं

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घर मिळालं! कारखान्याच्या कामगारांसाठी नवी वसाहत बांधली आहे, तिथलं अगदी कडेचं. दोन खोल्या, स्वतंत्र नळ. तोफगोळ्यांची कवचं घासून आलो की परसात ऐसपैस बसणार. भिंतीपलीकडे तळं आहे म्हणे! घरवाटप कचेरीतल्या शहराच्या नकाशात ते ठसठशीत निळं दाखवलंय. तुमच्याच कचेरीचा नकाशा, म्हणून मी तिथे जरा भाव खाऊन घेतला. तुझ्या भावजयीला सातवा लागलाय. बाळाला वारा मिळेल म्हणून ती खूश आहे. सोमवारी सामान हलवतो.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझा,
बाळ्या

७ मार्च

चि. बाळ्यास,
अनेक आशीर्वाद.

ते घर घेऊ नकोस. ओल बाळंतिणीला बाधते, शिवाय डास. स्टेशनाजवळची जुनी खोली मिळते का बघ. हसायचं तर हस, पण एवढं माझं ऐक. हात जोडते. जीव थाऱ्यावर नाही माझा.

उलटटपाली कळव.

तुझी,
ताई

१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू आजवर मला दटावलंस, हात कधी जोडले नाहीस. म्हणून गुमान ऐकलं. आमच्या फिटरशी घराची अदलाबदल केली. त्याला तीन मुलं. तळ्याचं ऐकून पोरं नाचायलाच लागली, मासे धरायला गळ करून बसलीत. पण पहारेकरी भिंतीजवळ फिरकू देत नाही. तळ्याला एवढा पहारा कशाला, असं फिटर विचारत होता.

आता तरी नीट जेव आणि आमच्यावर माया असू दे.

तुझा,
बाळ्या

१५ मार्च

चि. बाळ्यास,
अनेक आशीर्वाद.

तीन मुलं हे वाचल्यापासून घास उतरत नाही. तिथे तळं नाही, दारूगोळ्याचं कोठार आहे. शत्रूला कळू नये म्हणून छापील नकाशात कोठारांवर आम्ही तळी रंगवतो. हे मी रंगवलंय. एका खात्याने दुसऱ्याला काही सांगायचं नाही असा हुकूम, त्यामुळे घरवाटपवाल्यांनी नकाशा खरा मानून तळ्याकाठी घरं बांधली. साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले की तोंड उघडलंस तर तुरुंग. फिटरला सांग, त्या ओळीतल्या सगळ्यांना सांग.

आणि पत्रं तपासणारे दादा, हेही पत्र तुम्ही फोडणारच. तुमच्याजवळ काळी शाई असते, ठाऊक आहे मला. माझं काय करायचं ते करा, पण कोठाराच्या ओळी पुसू नका. तिथे लेकरं झोपतात हो.

बाळ्या, तुम्ही सगळे मला विसरू नका.

तुझी,
ताई

२० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे टपालाने नाही, तुझ्या भावजयीच्या हाती देतोय. बाळंतपण तुझ्याकडेच होऊ दे.

पत्र मिळालं त्याच दिवशी फिटरची पोरं आमच्याकडे आणली. मग अख्खी ओळ रिकामी झाली आणि सगळे घरवाटप कचेरीपुढे ठाण मांडून बसले. दुसरीकडे घरं द्यायचं कबूल झालंय. मात्र हे फोडलं कुणी, म्हणून साहेबलोकांनी तुझं पत्र माझ्याकडून हिसकावून घेतलं.

ताई, कोठाराची एकही ओळ पुसलेली नव्हती. काळी शाई होती ती तुझ्या पत्त्यावर, ‘आम्ही तळी रंगवतो’पुढच्या तीन शब्दांवर, ‘तळ्याकाठी घरं बांधली’पुढच्या ओळीवर आणि खाली तुझ्या सहीवर.

तुझा,
बाळ्या