पुस्तकावर नाव तुझं

आळे, गुरुवार

प्रिय साधना,

'प्रिय' लिहिलं आणि पेन थांबलं. इतक्या कादंबऱ्यांत इतक्या माणसांनी एकमेकांना 'प्रिय' म्हटलं, ते सगळं याच हाताने लिहिलं, पण तुला कधी लिहिलं नाही. वेळच आली नाही. तू घरातच असायचीस, आणि घरातल्या माणसाला कोण पत्र लिहितं? आता तू बोरीला भावाकडे जाऊन बसलीस, फोन इथेच ठेवून गेलीस, म्हणून हा उद्योग. मी येऊन गेलो त्या दिवशी तू खोलीतून बाहेर आली नाहीस. भिमाजीने चहा दिला, कांद्याच्या रोपाची चौकशी केली, मग आम्ही दोघे मेहुणे बराच वेळ त्याच्या म्हशीकडे बघत बसलो. मला तुझा राग आला नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही आलो नसतो. पत्र कुशाबाच्या हाती देतोय, तो तसाही बोरीला निघालाय.

इकडे आपली म्हैस पान्हा चोरते. तिला तुझ्या हाताची सवय. मी खाली बसलो की मान वळवून बघते आणि शेपटीने तोंडावर मारते. कांद्याची लागवड उरकली. भाकरी मी करतो, एका बाजूने करपते. शेजारच्या साळुबाईने परवा कालवण आणून दिलं आणि विचारलं, साधना कधी येणार? मी म्हणालो, येईल की. खोटं बोलायची सवय आहे मला, तो तर माझा धंदाच आहे.

तुला आठवतं, पहिल्या पुस्तकाच्या वेळी मी पुण्याहून पेढे घेऊन आलो होतो? प्रकाशक म्हणाले होते, लिहिता छान, पण रामदास नावाच्या माणसाचं प्रेम बायका लायब्ररीतून घरी नेणार नाहीत, एखादं बाईचं नाव लावा. माझ्या तोंडून पटकन तुझंच नाव गेलं. तू तेव्हा तांदूळ निवडत होतीस. सांगितल्यावर इतकी हसलीस की सूप कलंडलं. मग शेवटच्या पानावर आपला नंबर छापला गेला आणि एका दुपारी साताऱ्याकडच्या कोणा बाईचा फोन आला. पुस्तकातल्या नायिकेसाठी ती रडत होती. रडणाऱ्या बाईला 'मी ती नव्हेच' असं कसं सांगायचं, म्हणून तू नुसतं ऐकून घेतलंस. तेव्हापासून फोन तुझ्याकडे आला आणि लिहिणं माझ्याकडे राहिलं. आपल्याला ते दोघांनाही सोयीचं वाटलं.

लोकांना वाटत असेल, प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिणारा माणूस चंद्र बघत लिहितो. मी पंपाच्या खोलीबाहेर, बाभळीखाली, परीक्षेचं पॅड मांडीवर घेऊन लिहिलं. थ्री फेज लाईट आली की मोटर चालू करायची, पाणी वाफ्याला लागलं की लिहायला बसायचं. वाफा भरला की पॅड ठेवून दारं मोडायला, पाणी पुढच्या वाफ्यात वळवायला उठायचं. म्हणून माझी प्रकरणं आखूड. वाचकांना वाटायचं, लेखिकेला नेमकं कुठे थांबायचं ते कळतं. एकदा नायक नायिकेचा हात धरणार एवढ्यात पाणी फुटून शेजारच्या वावरात गेलं, तेव्हा तो हात पुढच्या प्रकरणापर्यंत तसाच राहिला. तू ते ऐकून म्हणाली होतीस, बरं झालं, लई घाई होती त्याला.

पण साधना, ते लिहिणं निम्मं तुझं होतं, हे मी कधी बोललो नाही. चारच्या चहाला तू फोनवरचं सांगायचीस. कोणाचा नवरा दुबईला जाऊन बदलला, कोण सासूची सेवा करता करता सासूच्याच प्रेमात पडली, कोणाला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी नवऱ्याने पहिल्यांदा गजरा आणला. मी चहा ओतून घ्यायचो आणि कान उघडे ठेवायचो. लिहून झालं की तुला वाचून दाखवायचो, तू मेथी निवडता निवडता म्हणायचीस, अशी बाई बोलत नसते, आणि मी ते वाक्य खोडायचो. तू खोडायला लावलेलं एकही वाक्य पुढे मला आवडलं नाही. आणि तू कशी बोलतेस, ते ऐकायला मात्र मी कधी बसलो नाही. त्या सगळ्या बायकांना तू विचारायचीस, जेवलात का? तुला ते मी किती वेळा विचारलं असेल?

घोडेगावच्या बाईंचं तू मला सांगितलंस तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी तू चहा गार होऊ दिलास. नाव तू कधी सांगितलं नाहीस, आपण 'घोडेगावची' एवढंच म्हणायचो. लग्नाआधी तिचं एकावर मन होतं, घरच्यांनी जमू दिलं नाही. दोघांचीही लग्नं झाली, पोरंबाळं झाली. तरी दर संकष्टीला ती लेण्याद्रीला जायची, कारण तोही बायकोला घेऊन तिथे यायचा. बोलणं नाही, खूण नाही, फोन नाही. पायऱ्या चढताना एकदा दिसायचा, बस. हा दिसला की महिना निघतो, म्हणाली. नवरा बिचारा हौसेने गाडी काढायचा, आपली बायको केवढी देवभोळी म्हणून चारचौघांत सांगायचा. आणि ती दर वेळी एकच साडी नेसायची, जुनी आमसुली, काठ विरलेली. लग्न ठरायच्या आधी त्या माणसाला शेवटची भेटली तेव्हा नेसलेली, तीच. नवरा चिडवायचा, देवाला काय जुन्याचीच आवड हाये का? हे तिने तुला हसत सांगितलं.

तू मला म्हणालीस, "हे लिवायचं न्हाई बरं का. तिनं देवाला सुदिक सांगितलं नसंल." मी हो म्हणालो. खरंच म्हणालो होतो. पण मागच्या हिवाळ्यात काही सुचेना. प्रकाशकांचे फोन यायचे, आणि सकाळी पाणी धरून बसलं की डोळ्यापुढे त्या पायऱ्या यायच्या. मी सगळं बदललं. लेण्याद्रीचं कुठलंसं खंडोबाचं ठाणं केलं, संकष्टीचा रविवार केला, घोडेगाव नदीकाठाहून उचलून पार मराठवाड्यात टाकलं. साडी मात्र बदलली नाही. एकदा हिरवी करून बघितली. वाक्य पडलं. पुन्हा आमसुली केली, आणि नवऱ्याचं ते चिडवणंही तसंच ठेवलं, कारण त्याच्यावर प्रकरण छान संपत होतं. तेवढ्यासाठी, साधना. एक प्रकरण छान संपावं म्हणून. आणि हे पुस्तक मी तुला वाचून दाखवलं नाही, तू विचारलंस तेव्हा अजून कच्चं आहे म्हणालो. म्हणजे मनात कुठेतरी मला ठाऊकच होतं.

तिच्या नणंदेने लायब्ररीतून पुस्तक आणलं, आणि त्या साडीवरून, भावाच्या त्या चिडवण्यावरून सगळं ओळखलं. त्यापुढचं तुला माझ्याआधी कळलं. तो फोन तू घेतलास तेव्हा मी दारातच होतो. पलीकडून घोडेगावची एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला, हे तू नंतर सांगितलंस: ताई, तुमालाच सांगितलं व्हतं. तू ओरडली नाहीस. तुझा फोन तू माझ्या पॅडवर ठेवलास आणि म्हणालीस, "नाव माजं, आवाज माजा, इस्वास माज्यावर. तुमी नुसतं लिवलं." आणि पिशवी भरायला लागलीस. मी तेव्हा काय केलं असेल तर मोटर बंद करायला गेलो. मला लाज वाटते त्याची.

प्रकाशकांना मी फोन केला, पुस्तक मागे घ्या म्हणालो. ते म्हणाले, असं कसं, जोरात चाललंय, आणि गेलेल्या प्रती घराघरातून गोळा करायच्या का? तेही खरंच. मग मी त्यांना सांगितलं की यापुढे साधना या नावाने काही येणार नाही. पॅड माळ्यावर टाकलं. पाणी धरताना आता नुसता बसून राहतो. हे तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. मी काही सोडलं म्हणून तिचं काही परत आलं, असं नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते. घोडेगावची आपल्या घरी आली आहे. तिचं नाव उज्ज्वला, हे मला कालच कळलं. काल दुपारी नवऱ्याने तिला गाडीतून फाट्यावर आणून सोडलं, हातात पिशवी दिली आणि म्हणाला, "पुस्तकातला नवरा मोठ्या मनाचा हाये. मी न्हाई तसला." तो शेवटही मीच लिहिलेला, साधना, नवऱ्याने माफ केल्याशिवाय पुस्तक खपत नाही म्हणून. विचारत विचारत ती दारात आली आणि साधनाताई हाईत का म्हणाली. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि सांगून टाकलं, की पुस्तकं मी लिहितो, सगळी मीच लिहिली, साधनाने लिहू नको म्हणून बजावलं होतं, तिने एक अक्षर लिहिलेलं नाही. मला वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, "मंग फोनवर कोन व्हतं?" मी म्हणालो, फोनवर साधनाच होती. ती म्हणाली, "ते तरी खरं व्हतं ना?" आणि तेव्हा रडली. ती तुझ्या खोलीत आहे, रात्री सोबतीला साळुबाई निजली, मी पंपावर झोपलो. माझ्या हातचं ती जेवत नाही आणि माहेरी जायला तयार नाही. ताईंना भेटल्याबिगर जायची न्हाई म्हणते. माझ्यासाठी येऊ नकोस, मी ते मागणार नाही. हवं तर मी घर सोडून वावरात राहीन. पण तू ये, साधना. तिला जेवलीस का म्हणून विचारायला या घरात कोणी नाही.

तुझा, आणि हे पहिल्यांदाच माझ्या नावाने,
रामदास